एडनचा ओवसा

तेरडा फुलला की मला एडन आठवतं. एडनमध्ये तेरडा नव्हता म्हणून. तिथे आपलं आपण उगवून हिरवं राहील असं काहीच नव्हतं. भाजलेल्या विटेसारखे काळे डोंगर, आणि त्यांच्या पोटात उन्हाने पांढरं पडलेलं गाव. इथे पनवेलीत आता वडाळे तळ्याच्या वाटेला दोन्ही बाजूंनी गुलाबी तेरडा गुडघाभर उभा आहे. पाऊस मध्येच उघडतो, ऊन पडतं, ओल्या मातीची वाफ वर येते आणि त्या वाफेला हळदीच्या पानांचा वास असतो. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात पातोळ्या उकडत असतात. अशा वासाने बायकांना माहेर आठवतं म्हणतात. माझी मान खाली जाते.

यंदा बुरडाकडून पाच कोरी सुपं घरी आली आहेत. धाकट्या दिरांचं लग्न वैशाखात झालं आणि या वर्षी गौरी पूर्वा नक्षत्रात येणार आहेत, म्हणजे नव्या सुनेचा, कुंदाचा, ओवसा. कुंदा घाटावरची. तिच्या माहेरी ही रीत नाही. सुपांची चळत बघून ती म्हणाली, "इतकी सुपं कशाला? एवढं काय पाखडायचंय?"

सासूबाई अळूची पानं पुसत बसल्या होत्या. म्हणाल्या, "पाखडायची नाहीत, भरायची. तळाला काकडीचं पान, वर पाच फळं, नारळ, सुपारी, खारीक, तांदूळ. सुपाला सूत गुंडाळायचं, गौरीपुढे पाच वेळा ओवाळायचं आणि घरातल्या थोरल्या बायकांना नेऊन द्यायचं. त्यांनी पदर पसरून घ्यायचं. मग त्या तुला उलट काहीतरी घालतात, साडी म्हण, खण म्हण."

"पहिलं सूप कुणाला?"

"सासूला. सासू जवळ नसेल तर जी तिच्या जागी उभी असेल तिला. पहिल्या सुपाचा मान असतो बाई. ज्या बाईच्या पदरात ते पडतं, ती जन्माची तुझी आणि तू तिची."

कुंदा माझ्याकडे वळली. "मग वहिनी, तुमचं आईंच्याच पदरात पडलं असेल."

मी तोंड उघडायच्या आत सासूबाईच बोलल्या. "हिचा ओवसा एडनला झाला. मी कुठली तिथे? वसंताच्या साहेबाच्या बाईला दिलं हिनं. परमुलखात राहून रीत मोडली नाही पोरीनं."

गेली कितीतरी वर्षं त्या हे असंच सांगतात, हळदीकुंकवाला, बारशाला, आल्यागेल्याला. मी अळूची देठं सोलत राहिले. बोटांना खाज सुटली होती. ती त्या वेळी बरी वाटली.

मी उरणची. लग्न होऊन पनवेलला आले, आणि इथल्या घराची कुठली पायरी निसटती आहे हे पायाला कळायच्या आत बोटीत बसले. यांना एडनच्या बंदरावर एका कंपनीत कारकुनी मिळाली होती. लग्नानंतरच्या तीन महिन्यांत आम्ही जेवढं बोललो नव्हतो तेवढं बोटीवरच्या पाच-सहा दिवसांत बोललो, कारण तिथे ऐकायला घरचं कुणी नव्हतं.

गावात, ज्याला आपले लोक क्याम्प म्हणत, तिथे एका तिमजली घराच्या माडीवर आमची एक खोली होती आणि वर गच्ची. पाणी मोजकं आणि मचूळ. साबणाला फेस येत नसे, चहाला चव येत नसे. आकाशात कावळ्यांऐवजी घारी. रस्त्यात शेळ्या मोकळ्या फिरत आणि कागद खात. कचेरीतून येताना हे गोणपाटात गुंडाळून बर्फ आणायचे. घरी पोचेपर्यंत तो मुठीएवढा उरायचा. तो आम्ही दोघं जिन्यातच उभे राहून खायचो, माडीवर न्यायलासुद्धा वेळ नसायचा. बर्फ खाताना हे हसायचे आणि त्यांच्या हनुवटीवरून पाणी ओघळायचं. संसार म्हणजे हे असंच असेल, असं मला तेव्हा वाटलं होतं.

एकदा यांनी मला गावाबाहेर फिरायला नेलं. तिथे मिठागरं होती. पवनचक्क्या समुद्राचं पाणी ओढत होत्या आणि मिठाचे पांढरे ढीग ओळीने लागले होते, थेट आमच्या उरणसारखे. भररस्त्यात मी यांचा दंड धरला. मग लाजून सोडला.

मरियमखाला भेटल्या त्या शेळीमुळे. एडनला पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी एक शेळी जिना चढून आली आणि माझ्या ट्रंकेवरचा कागद चावू लागली. मी एकटी होते, घाबरले होते, आणि घाबरलं की मला शाळेतली भाषा सुचत नाही. मी ओरडले, "जातंस का नाय गो, का मारू एक?"

खालून हसण्याचा आवाज आला. मग कुणीतरी म्हणालं, "कोनची गो तू? उरनची काय?"

मी जिन्यातून वाकून पाहिलं. तळमजल्याच्या दारात एक ऐसपैस बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. नाकात चमकी, तोंडात पान, कोकणातल्या बायकांसारखं नेसलेलं लुगडं. परमुलखात आपली बोली कानावर पडली की काय होतं ते मला सांगता येणार नाही. मी त्या अनोळखी बाईपुढे पायरीवर बसून रडले.

"रड, रड," त्या म्हणाल्या. "आमी पन रडलेलो. हितं पानी कमी हाय, तेवढाच वला होतो जिना."

गव्हाणच्या पुढचं खाडीकाठचं एक गाव, ते त्यांचं. मालक बंदरातल्या लाँचवर सारंग, लाँच चालवणारे. दोन मुलगे. लहानपणी वडिलांच्या होडीतून त्या पनवेलच्या बंदराला उतरायच्या आणि बाजार करायच्या. बाजारातली दुकानं त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती. मला म्हणाल्या, "खाला म्हन मला, मावशी म्हनल्यासारकं. बाई नको म्हनूस. बाई म्हनलं की कुनी दुसरीच हाय असं वाटतं."

पाणी कसं पुरवायचं ते त्यांनी शिकवलं. तिथल्या तुपाला मेंढीचा उग्र वास, ते कढवताना विड्याचं पान टाकायचं हे त्यांनी सांगितलं. मला ताप आला तेव्हा कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या त्यांनी ठेवल्या. हे कचेरीत होते. मी त्यांना काय दिलं? माझी चार इयत्ता शाळा झालेली, तेवढ्यावर त्यांची पत्रं लिहून दिली. त्या पाटावर बसून भावाला सांगायच्या आणि मी लिहायचे. लिहून झालं की त्या कागद हातात घेऊन अक्षरांवरून नुसतं बोट फिरवायच्या. म्हणायच्या, "बेस दिसतंय. मुंग्या चालल्यासारकं."

आमच्या लोकांचं एक मंडळ होतं, दहा-बारा कुटुंबं. रविवारी यांच्या हेडक्लार्कांच्या घरी जमायचं. त्यांच्या पत्नी कमलाताई पुण्याच्या. वाईट नव्हत्या. मला त्यांनी शिवणाचा नमुना दिला होता, एकदा लिंबाचं लोणचं दिलं होतं. पण पहिल्याच रविवारी मी "आमी उरनचे" म्हणाले आणि चटईवरच्या दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं. कमलाताई हसत म्हणाल्या, "किती गोड बोलते गं ही, अगदी भाजीवालीसारखं." सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या दिवसापासून मी तोंड उघडायच्या आधी वाक्य मनातल्या मनात धुऊन घ्यायला लागले. आम्ही. नाही. आहे. उरणचे. जे धुऊन होईना ते बोलायचंच नाही, म्हणून मी फारशी बोलतच नसे, आणि सगळ्या मला लाजाळू म्हणत.

म्हणजे मला एडनमध्ये दोन जिभा होत्या. एक जिन्याखालची, एक रविवारची. आणि हळूहळू मला जिन्याखालचीची लाज वाटायला लागली. रस्त्यात मंडळातली कुणी दिसली आणि शेजारी खाला असल्या तर मी पाऊलभर मागे राहायचे. खालांच्या ते लक्षात आलं असणार.

श्रावणात सासूबाईंचं पत्र आलं. यंदा गौरी पूर्वात आहेत, पुढची दोन वर्षं नाहीत, तेव्हा जमेल तसा ओवसा तिथेच करून घे, एक सूप भरलंस तरी चालेल, पण राहू देऊ नकोस. मी पत्र घेऊन खाली गेले. बांबू नाही त्या मुलखात सूप कुठलं मिळणार?

"सूप मी आनतंय," खाला म्हणाल्या. "फिकीर नको."

पावसाळ्यात कोकणातली गलबतं समुद्रात निघत नाहीत. पण एक गलबत डागडुजीसाठी तिथेच बंदरात अडकलं होतं. खालांनी मालकांना पाठवून त्या गलबताच्या भंडाऱ्याकडून, म्हणजे स्वयंपाक्याकडून, तांदूळ निवडायचं सूप मागून आणलं. चार वेळा धुतलं, लिंबाने घासलं, गच्चीवर उन्हात टाकलं. माझ्या हातात देताना म्हणाल्या, "तांदलाचा हाय, मासलीचा नाय. इचारून घेतला."

त्याच सुमारास त्यांनी भावाला एक पत्र लिहायला सांगितलं होतं. पनवेलच्या बाजारातून एक खण घे, हिरवा, रुंद काठाचा, बायकोला निवडायला सांग, तुझ्या मनाने घेऊ नकोस, आणि बोटीवरच्या आपल्या माणसाबरोबर धाड. मी लिहिलं. कुणासाठी ते विचारलं नाही. भाचीसाठी असेल असं वाटलं.

तेरडा नव्हताच. तिथल्या बायका केसात खोवायला तुळशीसारख्या वासाच्या जुड्या घेतात, तशा दोन जुड्या खालांनी बाजारातून आणल्या आणि म्हणाल्या, "ही तुजी गौर. हिला मुळं नाय, पन वास हाय." मग पाटावर बसून त्यांनी सांगितलं की त्यांच्या गावात पाटलाची सून ओवशाचं एक सूप त्यांच्या आईला आणून द्यायची. आई नवं लुगडं नेसून दारात उभी राहायची. त्या लहान असताना दाराआडून बघायच्या आणि मनात म्हणायच्या, आपल्याला कधी कुणी देईल का.

"तुजी सासू हितं नाय, आय नाय," त्या म्हणाल्या. "मंग सूप कोनाच्या पदरात घालशील?"

"तुमच्या," मी म्हणाले. मला दुसरं काही सुचलंही नाही, इतकं ते उघड होतं.

"बग हां. नवा लुगडा नेसून येन मी."

"या खाला. सूप तुमचंच."

हे मी बोलले. माझ्या जिन्याखालच्या जिभेने बोलले आणि मनापासून बोलले.

गौरीच्या दिवशी मंडळातल्या बायका येणार हे मला सकाळी कळलं. यांनी कौतुकाने कचेरीत सांगितलं होतं आणि हेडक्लार्क म्हणाले होते, आमच्या घरून सगळ्या येतील. मला यांच्यावर रागावता आलं नाही. ते चटया मागून आणत होते आणि शीळ घालत होते.

दुपारी आठजणी आल्या. खोली भरून गेली. मी सूप भरलं होतं. काकडीचं पान नव्हतं म्हणून तळाला केळीच्या पानाचा तुकडा घातला, तोही खालांनीच कुठूनसा मिळवलेला. सुपाला सूत गुंडाळलं, गौरीपुढे पाच वेळा ओवाळलं. ओवाळून झालं आणि जिन्यात पावलं वाजली.

"झाला काय गो सुमन ओवालून?"

खाला दारात होत्या. न्हालेल्या, डोळ्यात सुरमा, नवं हिरवं लुगडं, चपला खाली काढून आलेल्या. त्यांचा आवाज मोठाच होता. चटईवरच्या कुणीतरी ओठ दाबून हसलं. कमलाताईंनी मान वळवून पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "ही कोण गं?"

उत्तराला मला फार वेळ लागला नाही. तेच मला आठवतं. वाक्य मनात धुवावंसुद्धा लागलं नाही. मी म्हणाले, "खालची बाई. सूप तिनेच आणून दिलं."

आणि मी सूप उचलून उभी राहिले. खालांनी पदर पसरला होता. दोन्ही हातांनी, पोटाशी धरून, जसा धरायचा असतो तसा. आमच्यात तीन पावलांचं अंतर होतं. मी ती तीन पावलं गेले नाही. वळले आणि सूप कमलाताईंपुढे धरलं.

कमलाताईंना पदर पसरायचा असतो हे ठाऊक नव्हतं. त्या हसून म्हणाल्या, "अगं बाई, मला सूप कशाला? ताट नव्हतं का घरात?" मग कुणीतरी त्यांना सांगितलं की यांच्यात असं देतात, मान असतो. तेव्हा त्या सावरून बसल्या, सूप घेतलं, मांडीशेजारी ठेवलं आणि माझ्या गालाला हात लावला.

मी दाराकडे पाहिलं. खालांनी पदर परत खांद्यावर घेतला होता. कुणाच्या लक्षातही आलं नसेल इतक्या सहज. म्हणाल्या, "बेस झाला. मी बगाया आलेली. खाली दूध हाय चुलीवर." आणि उतरून गेल्या. त्यांच्याकडे दूध संध्याकाळी येतं हे मला माहीत होतं.

बायका गेल्यावर हे म्हणाले, "शहाणी आहेस तू. साहेबांच्या बाईंचा मान राखलास." लग्न झाल्यापासून यांनी माझी अशी स्तुती केली नव्हती. मी ती घेतली. दुसऱ्या दिवशी हे बर्फ घेऊन आले तेव्हा मी जिन्यात उतरले नाही. माडीवर पोचेपर्यंत तो विरघळला.

त्यानंतर काही बिघडलं असं म्हणता येणार नाही. खालांनी पाण्याची वेळ सांगणं बंद केलं नाही. पत्रं लिहून घेणंही नाही. फक्त "गो" म्हणणं थांबलं. मला त्या "सुमनबाई" म्हणायला लागल्या.

दिवाळी आली. मंडळाने चहाच्या खोक्यातल्या चंदेरी कागदाचा आकाशकंदील केला. मी चकल्या केल्या, तूप विड्याचं पान टाकून कढवलं, लाडू वळले. अभ्यंगाला पाणी मचूळच. फराळाचं ताट मी यांच्याबरोबर खाली पाठवलं, स्वतः गेले नाही. ताट घासून, खजूर घालून परत आलं. तेही मुलाबरोबर. त्या दिवाळीत आमच्या दाराशी पाच पणत्या होत्या, आणि त्यांच्या उजेडात जिना खालपर्यंत दिसत होता. मी दार ओढून घेतलं. वारा आहे, असं यांना सांगितलं.

चार वर्षांनी सासरे गेले आणि आम्ही परत यायला निघालो. सामान खाली उतरत होतं तेव्हा खाला दारात आल्या आणि कागदात बांधलेली एक घडी माझ्या हातात ठेवली. हिरवा खण होता, रुंद काठाचा.

"तुजाच हाय," त्या म्हणाल्या. "पडून ऱ्हायलेला."

तेव्हा मला कळलं की ते पत्र मी माझ्याच हाताने माझ्याच खणासाठी लिहिलं होतं. सुपाच्या बदल्यात घालायचा खण. चार वर्षं तो त्यांच्या ट्रंकेत होता आणि मी वरखाली करताना त्या मला रोज दिसत होत्या. मी काही बोलायला हवं होतं. खाली गाडीवाला घाई करत होता. गाडीवाला नसता तरी मी बोलले नसते.

पनवेलला आल्यावर सासूबाईंनी ट्रंक उघडली. "हा खण कुणी दिला गं? पनवेलचाच दिसतो."

"मंडळातल्या बायकांनी," मी म्हणाले.

"बघ, कशी माणसं असतात," सासूबाई म्हणाल्या आणि खण त्यांनी आल्यागेल्याच्या ओटीसाठी ठेवलेल्या खणांत ठेवला. तो कधी कुणाच्या ओटीत गेला, मी पाहिलंही नाही. पहिल्या वेळी मी लाजाळू होते, घाबरले होते, नवी होते, असं म्हणता येईल. दुसऱ्या वेळी समोर फक्त सासूबाई होत्या, आणि त्या मला काही म्हणाल्या नसत्या. तरी मी तेच केलं. म्हणून मला वाटतं की ती भीती नव्हती. मला मान हवा होता, आणि तो कुणाकडून घेतला हे लोकांना चांगलं दिसायला हवं होतं.

मागच्या वर्षी हे जेवताना म्हणाले, "तुझी ती एडनची खाला परत आली म्हणे गावाला. तिचा भाऊ गिरणीवर भात घेऊन आला होता, तिथे भेटला, तो सांगत होता. तिकडे गोळीबार चालू झालाय, आपले लोक सगळे परततायत." मी हो का म्हणाले आणि आमटी वाढली. इथून त्यांचं गाव एस.टी.ने तासाभरावर, पुढे थोडं चालायचं. मला जायला वर्ष लागलं.

गेल्या महिन्यात गेले. घरी सांगितलं, उरणला आत्याकडे जाऊन येते. गव्हाणला उतरले आणि बांधावरून चालत गेले. भात पोटरीला यायचं होतं. खाडीकडून खारा वारा येत होता. घर विचारावं लागलं नाही, त्या ओट्यावरच बसल्या होत्या, सुकट निवडत. बारीक झाल्या आहेत. डोळ्यांना कमी दिसतं.

"मी सुमन," मी म्हणाले. "एडनची."

त्यांनी हात पुढे करून माझं मनगट चाचपलं. "बस. घरात कुनी नाय, सगली लावनीचा तण काढाया गेल्यात. पानी देतंय."

पाणी प्यायले. यांची, मुलांची चौकशी झाली. त्यांचे मालक एडनलाच गेले, तिथेच पुरले. मग मी बोलले. बोलायचं ठरवूनच आले होते, तरी शब्द पुढे ढकलावे लागत होते. "खाला, त्या दिवशी ओवशाला मी चुकले. सूप तुमचं होतं. मी दुसरीला दिलं. आणि तुम्हाला खालची बाई म्हटलं."

त्या सुकट निवडत राहिल्या. मी वाट बघत होते. आता मला कळतंय मी कशाची वाट बघत होते. त्या म्हणतील, अगो, येडी काय तू, मी तर कधीच इसरले. तेवढं ऐकायला मी तासभर एस.टी.त बसले होते. क्षमा मागायला मी गेलेच नव्हते. त्यांना लागलं नव्हतं, हे ऐकायला गेले होते.

"लागला व्हता," त्या म्हणाल्या. "लय लागला. दोन वरसं रोज गच्चीचा जिना चढताना आठवायचा. मंग पोराचं लगीन आलं, कामं आली. राह्यलं तसंच."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मीठ किती घातलं ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं. एक मांजर आली, त्यांनी तिला एक सुकट टाकली.

मग म्हणाल्या, "घरी काय सांगून आलीस?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण तेवढं तरी केलं नाही. "उरणला आत्याकडे जाते म्हणून."

त्या हसल्या. पूर्वीसारखं, अंग हलवून. हसून झाल्यावर डोळे पुसले.

"गनपती झाले की माज्या नातीचं लगीन हाय," त्या म्हणाल्या. "सगला गाव जमल. तवा ये. आज आलीस ते काय, हितं मांजर सोडून कुनी नाय बगायला. तवा आठ बायका हुत्या. मानसं असतील तवा ये. आणि सांगून ये, कोनाकडं जातंस ते."

मी येते म्हणाले. त्या बांधापर्यंत पोचवायला आल्या नाहीत.

आज गौरी आणायच्या. माजघरात सुपं हळदीकुंकू लावून मांडली आहेत, कुंदा सूत गुंडाळते आहे आणि ते सारखं गुंतवून ठेवते आहे. आळीतल्या बायका यायला लागल्या आहेत. सासूबाई त्यांना रीत सांगताहेत आणि आता थोड्याच वेळात माझ्या एडनच्या ओवशापाशी येतील. गणपती झाले की लग्न आहे. त्या वेळी घरी काय सांगायचं ते मी या वहीत तीनदा लिहून पाहिलं. एकदा लिहिलं, एडनच्या ओळखीच्यांकडे लग्न आहे. ते खोडलं. मग लिहिलं, तिथल्या शेजारणीकडे. तेही खोडलं. आता असं लिहिलं आहे: माझा ओवसा मरियमखालांनी केला, सूपही त्यांचं, खणही त्यांचाच, मान त्यांचा होता, तो मी दुसरीला दिला आणि इतकी वर्षं तुम्हाला खोटं सांगितलं, त्यांच्या घरी लग्न आहे आणि मला जायचं आहे. हे खोडलेलं नाही. पण हे मी अजून शाईनेच म्हटलं आहे. बाहेर सासूबाई म्हणताहेत, "हिचा ओवसा तर एडनला झाला," आणि बायका कान देऊन ऐकताहेत. वही मिटते आणि उठते. आता माणसं आहेत.